हत्ती पाहायच्या निमित्तानं

बपेरा, ता. तुमसर
दि. ९ एप्रिल २०२५

चि. सौ. अंजूस,
आईचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूले नमस्कार, रुपाले गोड पापा.

फोनवर तुझा आवाज आयकला का मले रडू येते अन् सांगाचं राहूनच जाते, म्हणून लिहून राहिली. उषाबाईची पोरगी या कागदाचा फोटो काढून तुले पाठवते. तुझं उत्तर आलं का तीच तुमसरहून छापून आणून देईन. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हासू नको.

परवा तिरोडीचा एक पोट्टा घरी आला होता. तिकडे आफ्रिकेत निकेशच्याच नदीवर दुसऱ्या कँपात कामाले होता तो. ओसरीत बसला, पाणी पेला, अन् मंग सांगतलं का जानेवारीत टुरिस्टाची बोट पाणघोड्यानं उलटवली अन् ती बोट आपला निकेश चालवत होता. एक माणूस बुडाला म्हणते. कोण, ते त्याले माहीत नाही. त्याच्यानंतर निकेश कोणाले दिसला नाही. म्हणूनच नवीन सालाच्या फोननंतर त्याचा फोन नाही, बाई. तुझे बाबा उठून कोठ्यात गेले अन् दिवे लागेपर्यंत बैलापाशीच बसले.

लक्ष्मणराव भाऊजी म्हणून राहिले का माझ्या पोरीचं लगन अक्षय तृतीयेचं धरलं आहे, घरात असं अधांतरी सुतक ठेवून मांडव टाकता येत नाही. पळसाच्या पानाचा पुतळा करून निकेशचं क्रियाकर्म उरकून टाका म्हणतात. तुझ्या काकाले मी वाईट म्हणत नाही. त्यायनंच निकेशले बावनथडीत पोहाले शिकवलं. पण जित्या पोराले पानाचा करून जाळू का मी?

तू तिकडेच आहे. तू जाऊन पाह्य. मेला असन तर मेला म्हण, मी आयकीन. पण आपल्यातल्या कोणाच्या तरी डोळ्यानं पाहिलेलं पाह्यजे.

माया आहे, ते काय लिहाले लागते?
तुझी आई
चंद्रभागा

लिव्हिंगस्टन, झांबिया
दि. १३ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लुसाकातल्या घरी माझं मन लागेना. यांनी कंपनीतून पंधरा दिवसांची रजा काढली, रुपाच्या शाळेला सुट्टी आहेच. टपावर तंबू असलेली एक उंच गाडी भाड्यानं घेतली आणि निघालो. अक्षराचं म्हणशील तर तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. हसणार कोण?

निकेशच्या कँपला मी फेब्रुवारीपासून किती फोन केले ते तुला सांगितलं नव्हतं. दर वेळी तो आता इथं काम करत नाही एवढंच सांगून फोन ठेवतात. हे म्हणाले, की नातेवाईक म्हणून गेलो तर फाटकातूनच परत पाठवतील, पाहुणे म्हणून गेलो तर आत घेतील. म्हणून आम्ही प्राणी पाहायला निघालेलं कुटुंब झालो आहोत. कँपची बोटसुद्धा आरक्षित केली आहे.

रुपाला खरं सांगितलेलं नाही. जमलं तर मामा भेटेल, एवढंच सांगितलं. आज धबधब्याच्या रस्त्यावर हत्ती आडवा आला तेव्हा तिनं आनंदानं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. हत्ती गेला आणि मी पलीकडं थांबलेल्या ट्रकमधल्या माणसांचे चेहरे पाहत राहिले. दिवसभर तेच चाललं आहे. ती जनावरं पाहते, मी माणसं पाहते.

उद्या पूल ओलांडून बोत्स्वानात जाऊ. बाबांना दोन घास खायला लाव. माझी आठवण ठेवून तूही खा.
तुझी
अंजू

कसाने, बोत्स्वाना
दि. १६ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी मुख्य बातमी. त्या बोटीत जो बुडाला तो आपला निकेश नव्हे. आम्ही कोण ते शेवटी सांगितलं, तेव्हा कँपच्या साहेबानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. एक पाहुणा बुडाला. चौकशी झाली, बोटवाल्याचा दोष नाही असं ठरलं, आणि त्यानंतर बोटवाला स्वतःहून काम सोडून गेला. आई, जानेवारीत तो जिवंत होता. एवढं घट्ट धरून ठेव.

काल आम्ही त्याच नदीवर बोटीत बसलो. पाणी काठोकाठ आहे. हत्तींचा कळप सोंडा वर करून पोहत बेटावर निघाला होता, पिलं मोठ्यांच्या मधे. सगळे पाहुणे कॅमेरे घेऊन त्या बाजूला वाकले. मी मात्र कठडा धरून दुसऱ्या बाजूला बसले होते. पाण्यावर पाणघोड्यांचे नुसते कान दिसत होते. रुपानं विचारलं, की आई, तू रडतेस का? मी उन्हावर ढकललं.

कँपात लोराटो नावाची स्वयंपाकीण आहे. निकेशचं नाव काढताच तिनं हातातला चमचा खाली ठेवला. तो निळ्या ट्रकमधून माऊनला गेला म्हणाली. माऊन इथून सहाशे किलोमीटर आहे. उद्या पहाटे निघतो.

धीर सोडू नकोस.
तुझी
अंजू

बपेरा
दि. १८ एप्रिल

चि. अंजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा कागद मी तीनदा वाचला अन् चवथ्यांदा तुझ्या बाबाले वाचून दाखवला. त्या दिवशी ते वरणभात जेवले. रात्री मात्र मलेच झोप नाही. जिता होता तर एक फोन काहून नाही केला त्यानं? असं कोणतं दुखणं आहे का आईले सांगता येत नाही?

भाऊजी म्हणतात, जानेवारीत जिता होता म्हणजे एप्रिलात आहे असं होत नाही. नवऱ्याकडच्यायनं निरोप धाडला आहे का घरचं निस्तरा नाही तर तारीख पुढे न्या. भटजीही येऊन गेले. मी त्यायले च्या देली अन् सांगतलं का माझा पोरगा मेल्याचं तुमाले कोणी सांगतलं, त्याले घेऊन या, मंग पाहू. भाऊजी माझ्याशी बोलून नाही राहिले. नवरी पोरगी घरामागच्या सांदवाडीत येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. मले लगनच नाही पाह्यजे काकू, म्हणते. तिचं मन मोडून मी कोणती पुण्यवान होऊन राहिली, बाई?

लवकर काही तरी कळव. आमी सारे तुझ्या वाटेकडे डोळे लावून आहो.
आई

माऊन, बोत्स्वाना
दि. २१ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काय लिहू कळत नाही. वाटेत दोनदा टायर फुटलं. दुसऱ्यांदा फुटलं तेव्हा रस्त्याच्या कडेला हत्तीण आणि तिचं पिलू उभं होतं, त्यामुळं ती हलेपर्यंत आम्ही बंद काचांच्या आत उकडत बसलो. रुपाला ताप भरला. पाणी प्यायला दिलं की ओकते. पण डोळे उघडले की हत्ती गेले का म्हणून विचारते.

इथली सगळी गॅरेजं पालथी घातली. बोटींच्या धक्क्यावर, चर्चमध्ये, इथल्या दोन गुजराती दुकानदारांकडे निकेशचा फोटो दाखवला. कोणी ओळखत नाही. शेवटी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या अंमलदारानं फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, की मार्चमध्ये नदीच्या लव्हाळ्यात एक प्रेत सापडलं आहे, तुमच्याकडच्या माणसासारखं दिसतं, ओळख पटवायला कोणी आलेलं नाही.

हे आत गेले. मला येऊ दिलं नाही. मी तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन गाडीत बसले. रस्त्यापलीकडं बाया कणसं भाजून विकत होत्या. मला त्या बायांचा राग आला, कशाचा ते मलाही सांगता येणार नाही. हे बाहेर आले. मान हलवली. निकेश नव्हे. आई, मला आनंद झाला आणि लगेच त्याची लाज वाटली. कोणाचा तरी असेलच ना तो.

आता रजा संपत आली. रुपाचं अंग अजून गरम आहे. मी आजवर तुला अडवत नव्हते, पण आज सांगते, काका म्हणतात तसं होऊ दे. सगळ्या घरानं किती दिवस असं लटकत राहायचं? मला माफ कर. माझ्यानं आता होत नाही.
तुझी
अंजू

बपेरा
दि. २३ एप्रिल

अंजू,
आशीर्वाद.

तू थकली आहे म्हणून तसं लिहिलं. मी ते वाचलंच नाही असं समज. बाबाले दाखवलं नाही.

रुपाले आधी डाक्टरले दाखव. मंग परतीच्या वाटेत त्या रांधणाऱ्या बाईले पुन्हा भेट. मी रात्रभर तिचाच विचार केला. ट्रक निळा होता हे तिले आठवते, पण ट्रक कोणाचा हे नाही आठवत? चमचा कायले खाली ठेवला तिनं? ज्याले रोज वाढलं त्याच्याविषयी बाई खोटं बोलते ते त्याच्यासाठीच बोलते. तिच्याशी भांडू नको. पोरीले घेऊन तिच्या चुलीपाशी जाऊन बस.

माझ्यापाशी पाच दिवस आहेत. भाऊजीले मी तेवढेच मागतले.
आई

कझुंगुला, झांबिया
दि. २६ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सापडला. आई, निकेश सापडला. जिवंत आहे.

तू म्हणालीस तसंच झालं. रुपाचा ताप उतरल्यावर आम्ही कसानेला परतलो. मी लोराटोच्या स्वयंपाकघराच्या दाराशी पोरीला घेऊन बसले. मागायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून काही मागितलंही नाही. तिनं रुपाला लापशी भरवली, आणि भरवता भरवता तीच रडायला लागली. निकेशनं तिच्याकडून वचन घेतलं होतं, की घरचं कोणी आलं तर लांब पाठव. तो माऊनला कधी गेलाच नव्हता. पुलापलीकडं, झांबियाच्याच काठाला, कोळ्यांच्या वस्तीत बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. पहिल्या आठवड्यात त्या वस्तीच्या फाट्यावरून आम्ही जनावरं पाहायला पुढं गेलो होतो.

तो झाडाखाली इंजिन खोलून बसला होता. दाढी वाढली आहे, गालफडं बसली आहेत. मला पाहून उठला नाही, चिंध्यांनी हातच पुसत राहिला. मी आधी त्याला मारलं, आई. मग धरलं. तो पुन्हा हात पुसायला लागला. शेवटी रुपा त्याच्यापाशी बसली आणि पोहणारे हत्ती, बंद गाडी, तापाचं कडू औषध असं सगळं त्याला सांगत गेली, आणि तो ऐकत गेला.

घरी चल म्हटलं, तर नाही म्हणतो. फोन लावून देते म्हटलं, तर हात मागं घेतो. तुला लिही म्हटलं, त्यावर मात्र हो म्हणाला. तो लिहितो आहे तोवर मी हे लिहिते. काकांना आणि बाबांना आधी हे सांग.
तुझी
अंजू

दि. २६ एप्रिल

ती. आईस,
नमस्कार.

ताईनं सांगितलं तू माझ्यासाठी सगळ्यांशी भांडलीस. मी त्या लायकीचा नाही.

नवरा, बायको आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी होती. बाप सगळ्यात पुढं बसला होता. त्याला पाणघोडा जवळून पाहायचा होता. मी बोट लांबच ठेवली होती, तरी एक खालून आला. पोरगी माझ्या हाताशी लागली, तिला उलट्या बोटीवर चढवलं. मग तिच्या आईला ओढलं. तिसऱ्यांदा बुडी मारली तेव्हा पाण्यात काहीच नव्हतं. पोरगी ओरडली नाही. ती बोटीवर बसून नुसती माझ्याकडं पाहत होती, मी अजून एकदा जाईन म्हणून. मी गेलो, आई. पुष्कळदा गेलो. मग लोकांनी मला धरून ठेवलं.

माझा दोष नाही असं सगळे म्हणतात. मी तुला फोन लावायला जायचो, पण तू पहिल्यांदा जेवला का म्हणून विचारलं असतंस. ते माझ्यानं ऐकवलं नसतं.

काकांना पुतळा करू दे. पोरीचं लग्न अडवू नका. मी तिकडे मेलेला असलो तर मला इकडे बरं पडेल.
निकेश

बपेरा
दि. १ मे २०२५

चि. निकेशले,
आईचे अन् बाबाचे आशीर्वाद.

लगन काल झालं. पुतळा नाही झाला. तुझा कागद आला तवा भाऊजी मांडवाचे खांब गाडून राहिले होते. मी कागद हातात देला. उभ्यानं वाचला अन् मंग तिथंच मातीत बसले. दोघीले काढलं पोट्ट्यानं, दोघीले काढलं, एवढंच म्हणत राहिले. मंग मांडवात जो आला त्याले तेच सांगत सुटले. नवऱ्याकडच्यायलेही त्यायनंच सांगतलं. नवरी पोरगी जाता जाता माझ्या कानात म्हणाली का दादाले माझा नमस्कार कळवजो.

तू ये म्हणून मी लिहीत नाही. येववन तवा ये. जेवला का, तेही विचारत नाही. ती लोराटो बाई आहे, तिच्यावर माझा भरवसा बसला. तिले माझा रामराम सांग.

पण तू मेलेला राहतो म्हणते, ते मी होऊ देत नाही. तू चार महिने त्या माणसाचं सुतक एकटाच पाळून राहिला. आपल्याकडे सुतक एकट्यानं पाळत नाहीत रे. घर पाळते, भाऊबंद पाळतात, गाव खांदा देते. तू तिकडे त्याले एकटाच उचलून उभा होता अन् आमाले हाकच नाही मारली.

तुझे बाबा म्हणतात का ते अन् भाऊजी बावनथडीवर जाऊन त्या बुडालेल्या माणसासाठी पाणी सोडतीन. भटजीनं विचारलं, तो कोणत्या जातीधर्माचा, त्याचं गोत्र काय. बाबा म्हणाले, आमच्या पोराच्या हातून सुटला, म्हणजे आमचाच.

फक्त त्याचं नाव आमाले माहीत नाही, अन् नाव घेतल्याबिगर पाणी सोडता येत नाही. नाव लिहून पाठव. तिकडच्या बोलीतलं असन, बाबाले म्हणाले कठीण जाईन, म्हणून सुटं सुटं अक्षर काढजो. मी त्यायच्याकडून रोज म्हणवून घेईन.

मायेत काही उणं नाही.
तुझी आई
चंद्रभागा