हैदराबादी दहाची नोट

६ जानेवारी २०२५, मोताळा

आज कॉलेजच्या ग्रंथालयात रुजू झाले. सांगलीहून निघताना आईने मला वनवासाला धाडत असल्यासारखं तोंड केलं होतं, पण गाव मला पहिल्याच दिवशी आवडलं. खोली रुखमाबाईंच्या घराच्या माडीवर आहे. खिडकीतून जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग दिसतात. रुखमाबाईंनी आल्या आल्या भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला आणि मी कपाटात जुन्या नोटांचे अल्बम लावत होते ते बघत बसल्या. बंद झालेल्या नोटा कोणी विकत घेतं, हे त्यांना काही केल्या पटेना. बाबांनी लावलेला नाद, असं मी सांगितलं. निजामाच्या राज्यातली दहाची नोट बाबांना जन्मभर मिळाली नाही, हेही सांगून टाकलं. नव्या गावात माणूस उगीच जास्त बोलतो.

१५ जानेवारी

ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं बांधायला वाहेदचाचा येतात. सत्तरीचे आहेत, पण सुई अजून सरळ चालते. मूळचे अमडापूरचे. संग्राहकांच्या ग्रुपवर बुलढाण्याच्या लिलावाची यादी आली आहे. अमडापूरचे शालिग्रामशेठ वारले, त्यांचा संग्रह पुतण्या विकतोय. एकेचाळिसावी वस्तू: हैदराबाद संस्थान, दहा रुपये! चाचांना सांगितलं तेव्हा कळलं की शेठजींचे सगळे अल्बम त्यांनीच बांधले होते. मला वाटलं, आता खूप बोलतील. ते दोरा ओवत राहिले. मग एवढंच म्हणाले, की सगळं पाहा, पण घेताना नीट इचार करा.

१९ जानेवारी, रविवार

मिळाली!

लिलाव एका मंगल कार्यालयात होता. नाशिकचे, जालन्याचे व्यापारी आले होते. साध्या साध्या नोटांवरही बोली चढत होती, एका जुन्या शंभराच्या नोटेवरून दोघं जवळजवळ भांडलेच. आणि एकेचाळिसावी पुकारली तेव्हा सभागृह गप्प. अमडापूरची दोन माणसं उठून चहाला निघून गेली. माझी पहिली बोली हीच शेवटची ठरली. बाकीच्यांना नोटेची किंमतच कळलेली नाही असं वाटून मी आतून नाचत होते. शेठजींच्या पुतण्याने, इंद्रभानने, पाकीट माझ्या हातात दिलं आणि रुमालाला बोटं पुसली. त्याने एकदाही नोटेकडे पाहिलं नाही.

नोटेच्या पाठीवर उर्दूच्या सोबतीने मराठीतही लिहिलेलं आहे. त्यावरून बोट फिरवलं. बाबा आठवले.

२२ जानेवारी

नोट घडी घातलेली नाही, चुरगळलेली आहे. मुठीत आवळून धरावी तशा तिरप्या वळ्या. टीपकागदात घालून दोन दिवस काचेखाली ठेवली, सपाट झाली, नव्या पाकिटात सरकवली. आज कॉलेजातून येऊन पाहते तर बंद पाकिटात पुन्हा बोळा. दमट हवेने होत असेल. पण इथे हवा कोरडी आहे.

२५ जानेवारी

पुस्तकं देताना उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली. मुलं रांगेत उभी, आणि मी डाव्या हाताने एकेक बोट सोडवतेय. तळव्यात नखांच्या चार खुणा. डॉक्टर म्हणाले शीर आखडली असेल, गोळ्या दिल्या. रुखमाबाईंनी तेल चोळून दिलं. चोळता चोळता थांबल्या. म्हणाल्या, हात म्हाताऱ्या बाईसारखा थंड लागून राह्यला.

२८ जानेवारी

दुपारी जरा डोळा लागला. उठले तर मूठ मिटलेली, आणि मुठीत नोट. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्याच गळ्यात होती.

३० जानेवारी

वाहेदचाचांच्या दुकानात गेले. हात पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

नोट शालिग्रामशेठची नव्हतीच. त्यांच्या बायकोची, बनाबाईंची होती. त्या जालन्याकडून, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, सासरी आल्या तेव्हा आईने दिलेली, एवढीच माहेरची खूण. शेठजींना ती अल्बमात हवी होती. वर्षानुवर्षं मागत राहिले. बाईंनी दिली नाही. शेवटच्या आजारात तर मुठीतच धरून होत्या.

पुढचं चाचा खाली बघत बोलले.

“बाई गेली, पन मूठ सुटली नाही. शेठनं सगळ्यायले बाहीर काहाडलं. मी वसरीत अल्बम घेऊन बसलो होतो, बेटा. आतून आवाज आला. काडी मोडल्यावानी. चार येळा.”

मग शेठजी बाहेर आले आणि चाचांच्या हातातल्या अल्बमात त्यांनी नोट ठेवली. चाचांनी तो अल्बम बांधूनही दिला. ते आता रडत होते. म्हणाले, तिचं तिले देऊन टाक, नळगंगेत सोड, आपल्या हातानं.

१ फेब्रुवारी

नदीवर गेले. पाण्यात गुडघाभर उभी राहिले. आज मूठ सहज उघडली, नोट तळव्यावर पसरली, उन्हात इतकी सुंदर दिसत होती—

परत आणली. चाचांना सांगितलं, सोडली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

३ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय. उजवा मिटलाय, कालपासून. रजा टाकली. नोट आतच आहे. रुखमाबाई ताट ठेवून गेल्या, विचारत होत्या, हात काऊन लपवता. पदराखाली घेतला.

आता भीती वाटत नाही असं मी स्वतःला सांगते. बनाबाईंना हवी असेल तर त्या नेतील. मग मूठ वळतं कोण आणि कशासाठी—

४ फेब्रुवारी

चुकत होते मी. बनाबाई न्यायला आलेल्या नाहीत. त्या धरून बसल्यात. कोणापासून तरी.

जिन्यावर कोणी नव्हतं. दार बंद. तरी अंगठ्याखाली काहीतरी शिरलं. बोटं. पुरुषाची, कोरडी, सवयीची. नोट फाटू नये म्हणून सावकाश.

कानाशी म्हणाला, “बने, दे मले ते.”

५ फेब्रुवारी, दुपार

करंगळी गेली. आवाज तसाच. काडीसारखा.

रुखमाबाई अंगणात आहेत. हाक फुटत नाही—

दुसरं.

सोडली तर तो जाईल. कळतंय मला. बोटं सैल केली की संपलं. बनाबाईंचा जोर सरला, मघाशीच सरला, आता मूठ माझी आहे. मीच आवळलीय. मीच—

बने म्हणतो. मी सुचिता. सांगितलं त्याला. ऐकत नाही.

देणार नाही. सगळ्यांसमोर बोली लावून घेतलीय, बाबांना जन्मभर नाही मिळाली, माझी आहे ही, मा