रखमाजी ढवळ्याचं सुतक

शिरूर, ता. ३ मे १९७६

ती. शंकरमामांस खंडूचा शि. सा. न. वि. वि.

इकडं समदी खुशाल हायेत, फक्त तुमचा रखमाजी मेल्यापासून आमच्या आळीला जेवण जाईना.

तुमच्या कादंबरीची पानं मी रोज सांजच्याला शेजारच्या कोंडिबाकाका ढवळ्यांच्या ओट्यावर वाचतो. ती माणसं झेंडूच्या माळा ओवत ऐकत्यात. पेशवाईतला शिलेदार, त्यात तुम्ही आडनाव ठेवलं ढवळे, गाव शिरूर. काल तो घोडनदीच्या उतारावर गोळी लागून पडला आन् मुक्ताकाकूनं तोंडाला पदर लावला. काका म्हणाले, भावकीतला माणूस गेला, बातमी आज कळली, तवा सुतक आजपास्नं.

मी हसलो. काका हसंनात. येत्या रविवारी त्यांच्या चांगुणाचं लगीन, आन् ते मांडव पुढं ढकलायला निघालेत. नवऱ्याकडचे बिथरलेत. चांगुणा माझ्याकडं बघतबी न्हाई. पुस्तकातलं खोटं असतं म्हणलं, तर काका म्हणाले, "खोट्या माणसासाठी डोळ्याला पाणी येतं व्हय रे?"

मामा, त्याला जित्ता करा. गोळी दंडाला लागली म्हणा. लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ द्या, मार भेटल्यावर द्या.

तुमचा खंडू

दौंड, ता. ५ मे १९७६

चि. खंडूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुकिंग ऑफिसात वाचलं. दौंडात माझं लिखाण कुणी जांभई न देता ऐकलं नाही, आणि तिकडं सुतक पाळतात. तुझी मामी म्हणते, आता तरी फुगू नका.

पण रखमाजी उठणार नाही. त्याला मारताना मलाच दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. कोंडिबांना सांग, त्याला जाऊन दोनशे वर्षं झाली. इतक्या जुन्या मौतीची बातमी आली तर नुसत्या अंघोळीनं माणूस मोकळा होतो. मुक्ताबाईंना विचारा.

एक मात्र माझं चुकलं, एवढा गडी बिनवंशाचा मारला. सोबत नवा शेवट धाडतोय. जपून राहा आणि पोरीच्या लग्नात खोड्या काढू नकोस.

तुझा शंकरमामा

शिरूर, ता. १० मे १९७६

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

लगीन झोकात झालं. मुक्ताकाकूनं तुमच्या म्हणण्याला मान डोलावली आन् शुक्रवारी अख्खी भावकी नदीत बुडी मारून आली. काकांनी मलाबी मानगूट धरून बुडवलं. मग म्हणाले, मामांनी धाडलेलं वाच. मी पयली वळ मनात वाचली. रखमाजीच्या बायकोला मुलगा झाला. मामा, घात झाला असता. मौतीचं सुतक फिटतंय तवर जन्माचं सोयर, आन् लगीन परवावर. पानं सदऱ्यात कोंबली, चष्मा घरी ऱ्हायला म्हणलं. मी चष्मा लावत न्हाई हे मुक्ताकाकूला ठाव हाय, पण ती बोलली न्हाई.

काल चांगुणाची गाडी वळणाआड गेली तवा वाचलं. काकांनी पयली वळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "म्हंजी आपून त्याच्याच रक्ताचे." आन् उरलेल्या बुंदीचं पातेलं परत उघडलं.

पोर दोनशे वर्षांचं हाय ह्याची आठवण मी कुणाला दिली न्हाई. मुक्ताकाकूनं माळ्यावरचा पाळणा धुऊन ठेवलाय. पोराचं नाव तुम्ही लिहिलंच न्हाई. ते घेऊन मामीसंगं बारशाला या. लहानग्यावर आन् माझ्यावर सारखीच माया ठेवा.

तुमचा खंडू