तिरपा धरा, काका

३ मार्च
नोकरी लागली. सुपरमार्केट, काउंटर चार. बायको बहिणीकडे आठ दिवसांसाठी गेली, त्याला आज चाळीस दिवस झाले. रिटायर झाल्यापासून दिवसभर माझ्या मागे मागे फिरून चुका काढता, म्हणायची. आता मी घरीच नसणार. येईलच.

५ मार्च
स्कॅनर बिघडलेला आहे. साबण सहा वेळा दाखवला, ढिम्म. सुपरवायझर, माझ्या मुलीच्या वयाची पोर, म्हणाली, काका, नाकासमोर सरळ धरू नका, त्याचाच उजेड उलटा त्याच्या डोळ्यात जातो. जरा तिरपा धरा. मी म्हटलं, मी जन्मभर सरळच वागलोय. रांगेतून कोणीतरी म्हणालं, तरीच एवढी रांग.

८ मार्च, सकाळी
संकल्प: रोज अर्धा तास सराव. टीव्हीचा रिमोट घेऊन घरातले सगळे डबे स्कॅन केले. बीप तोंडाने. हिची शांपूची बाटली बाथरूममध्ये तशीच आहे, तिला हात लावला नाही. कायमची जाणारी बाई बाटली ठेवून जात नाही.

९ मार्च
सराव नाही. मनगट दुखतं.

११ मार्च
मेव्हणीकडे फोन केला. ही फोनवर आली नाही. मेव्हणी म्हणाली, ही म्हणते, हे माणसाला सारखं धारेवर धरतात, कधी म्हणून नमतं घेत नाहीत. मेव्हणीला तिखटमीठ लावायची सवयच आहे. तासभर तिला हे समजावून सांगितलं. मध्येच फोन कट झाला. नेटवर्क.

१५ मार्च
जमलं! चार बोटं लांब, किंचित तिरपा. दिवसभरात एकही वस्तू अडली नाही. हिने बघायला हवं होतं.

१९ मार्च, दुपारी
ही आली. माझ्याच काउंटरवर. बाकीचे बंद होते, पण आली.
बादली. एक ताट. एक वाटी. कुलूप. उशी.
मी म्हटलं, उशी आहे की घरी. म्हणाली, खोली घेतलीय, एकटीपुरती.
बादली, ताट, वाटी, कुलूप, सगळं पहिल्या फटक्यात. उशी मुद्दाम नाकासमोर सरळ धरायला गेलो, म्हटलं अडू दे, जरा थांबेल. मनगट आपोआप कललं. बीप.
छान जमतं की तुम्हाला, म्हणाली. जेवत जा वेळेवर. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

संध्याकाळी
शांपूची बाटली हातात घेतली. रिकामी आहे.