मानपत्रावर न केलेली सही

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यासारखाच हट्टाला पेटलोय. उद्या दुपारपर्यंत माफी लिहून दिली नाही, तर ठाण्याच्या म्युनिसिपालिटीतली माझी खुर्ची जाणार. गुन्हा काय, तर बदली होऊन चाललेल्या कलेक्टरसाहेबाला मानपत्र द्यायचं ठरलं, सगळ्या मेंबरांनी माना डोलावल्या आणि मी म्हटलं, सही करणार नाही. तुम्ही बंद पाडलेली मिठागरावरची झडती यानं पुन्हा सुरू केली. कामावरून घरी निघालेल्या बायकांनी चौकीवर शिपायांसमोर ओचे झाडून दाखवायचे, म्हणे मीठ चोरतात. आणि वर याला चांदीच्या डबीतून मानपत्र! खड्ड्यात गेली ती खुर्ची.

तुम्ही कळव्याच्या मिठागरावरचे मुकादम, शाळा जेमतेम तीन इयत्ता. पण न्याहारीला सगळ्यांना बांधावर बसवून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचात. रशियातल्या एका पुढाऱ्याची हकीकत आली की तुमचा आवाज चढायचा. जिल्ह्याच्या सभेत निवडून आला, बादशहाच्या माणसांना तोंडावर नाही म्हणाला, बर्फाच्या मुलखात हद्दपार झाला, तरी माफी लिहिली नाही. "तथं मीठ पिकतं का, मुकादम?" एक म्हातारी विचारते. तुम्ही न हसता सांगता, "मिठाचं ठाव नाय, पण झडती असंलच." एकदा जेवताना मी बोलून गेलो, दोन ओळी लिहून सुटला असता की बिचारा. तुम्ही हातातली भाकर खाली ठेवलीत. "पुन्हा असं बोललास तर माझ्या पंगतीला बसू नकोस."

पुढच्याच वर्षी तुमच्या सांगण्यावरून बायकांनी ओचे झाडायचं नाकारलं, आगर बंद पडलं आणि तुम्हाला तुरुंगात नेलं. आगर बंदच राहिलं, शेवटी झडती थांबली. महिन्याभरानं तुम्ही होडीतून कळव्याच्या धक्क्यावर उतरलात, गळ्यात झेंडूची माळ, अंगात धड उभं राहायचं त्राण नाही, आणि म्हणालात, "माफी न मागता सोडावं लागलं त्यांना." तेच वाक्य मरेपर्यंत सांगत राहिलात. त्या वाक्याच्या जोरावर मला वकील केलंत, लोकांनी मला निवडून दिलं तेही तुमचा मुलगा म्हणून.

आबा, आत तुम्हाला रक्ताची हगवण लागली होती. आई तुरुंगाच्या दाराशी बसून असायची, घोटभर पाणी घेत नव्हती. तिथला कारकून म्हणाला, माफीच्या दोन ओळी आणि खाली सही. मी लिहिल्या. तुमची मोडीतली सही मीच केली, आणि तुम्ही ते वाक्य म्हणालात तेव्हा सगळ्यांत जोरात जयजयकारही मीच केला.

हे तुमच्यासमोर बोलायची छाती कधी झाली नाही, आणि आता हे पत्र घेऊन तरी कुठे जाऊ? पंगतीतून उठवा हवं तर. तुमच्यासाठी मी आजही तो कागद लिहीन. स्वतःसाठी उद्या लिहिणार नाही.