दोन्ही डिस्कवर सारखंच

बाबा, ते काळं खोकं शेवटी बदलावं लागलं. तुमचे लग्नांचे सगळे व्हिडिओ ज्यात भरले होते, घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ज्यातून ते दिसायचे, तेच. तेरा वर्षं त्यानं काढली, तुमच्यामागं अकरा. गेल्या महिन्यात त्याचा लाल दिवा लागला तो विझलाच नाही. आतल्या दोन डिस्कपैकी एक आजीबाईसारखी कण्हत होती, मग ती बंदच पडली. मी खामगावला नवं खोकं बघायला गेलो. दुकानदार म्हणाला, "दोन डिस्कचं घेता का चारचं? अन् तुमाले जागा जास्त पाह्यजे का दोन्हीकडं सारखं ठेवाचं?" साधा प्रश्न, पण मी त्याला तो पुन्हा विचारायला लावला.

कारण तेरा वर्षांपूर्वी याच प्रश्नाचं उत्तर मी एकट्यानं देऊन टाकलं होतं. पिंपळगाव राजातल्या आपल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत मी एकेक कॅसेट चालवून खोक्यात उतरवतोय आणि तुम्ही दारात उभे आहात. कॅसेटना बुरशी धरत होती म्हणून तर हा खटाटोप. "दोन्हीत सारखंच राह्यते ना? एक गेली तं दुसरीत सापडीन?" मी हो म्हणालो. खरं म्हणजे तसं ठेवायचं तर जागा निम्मीच उरत होती आणि तुमची लग्नं मावत नव्हती. मी दोन्ही डिस्क जोडून एकच मोठी जागा केली. पुढं मोठ्या डिस्क आणू, मग नीट करू, असं मनाशी ठरवून मोकळा झालो. भंगारवाला आला तेव्हा कॅसेटचं शेवटचं पोतं हातात धरून तुम्ही पुन्हा विचारलंत, "नक्की ना बे?" मी वैतागलो. "हो म्हटलं ना एकदा!" तुम्ही पोतं त्याच्या हाती दिलंत. मग दोन वर्षांत तुम्ही गेलात, आणि नीट करायचं ते राहूनच गेलं. आज करू, उद्या करू. मोठा शहाणा ना मी!

तुमच्याकडं लोक कशाला यायचे ते मला उशिरा कळलं. घरात कुणी वारलं की महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसायचं. भिंतीवरचा हार घातलेला फोटो त्यांच्याकडं असायचाच, त्यांना माणूस हलताना बघायचा असायचा. तुम्ही डोळे मिटून आठवायचात, त्यांना म्हणायचात, "तुमची आजी अमक्याच्या हळदीत होती, वाढप करत होती." आणि बरोबर तीच कॅसेट काढायचात. कॅमेऱ्यासमोर खांब होऊन उभ्या राहणाऱ्या बायकांना तुम्ही मागून ओरडायचात, "उभ्या नोका राहू, चाला, चाला!" त्या लाजत पदर सावरत चालायच्या. तुम्ही स्वतः मात्र एकाही व्हिडिओत नाही, फक्त आवाज आहे.

परवा एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. "भाऊ, माही माय वारली. मावशीच्या लग्नात तुमच्या बाबाजीनं तिले चालाले लावलं होतं. फोटो हायेत घरी, पन चालताना कुठीच नाही. एकडाव पाहू द्या ना." मी ते लग्न शोधलं. नाव यादीत होतं, उघडेना. बंद पडलेल्या डिस्कवर होतं ते. त्यांची आई त्यातच होती आणि तिच्यामागं तुमचा आवाजही असणार. बाई पडद्याकडं बघत हात जोडून बसल्या होत्या.

नवं खोकं दोन डिस्कचंच घेतलं. या वेळी दोन्हींवर सारखंच ठेवलंय, दोनदा तपासलं. जागा पुरली, बाबा. उरलंच तेवढं होतं. वाचलेल्यात एका वरातीत तुमचा आवाज सापडला, "चाला, चाला" म्हणताना. मी ते परत परत लावलं आणि रडलो. हे पत्रही त्याच फोल्डरमध्ये ठेवतोय. दुसरीकडं कुठं टाकणार?

एक सांगायचं राहिलं. त्या बाईंना मी डिस्कचं बोललोच नाही. तोंडातून निघून गेलं, "बाबांनी ते लग्न ठेवलेलंच दिसत नाही." त्यांनी जोडलेले हात सोडले. मग उठता उठता म्हणाल्या, "राह्यलं असन बाप्पा. इतक्या लोकायचं करे तो मानूस, एखांदं राह्यतेच. त्याह्यले काई बोलू नोका." त्यांनी तुम्हाला माफ केलं, बाबा, आणि मी त्यांना थांबवलं नाही.