सातव्या दारामागचा माणूस

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा! शिंप्याच्या दुकानावरची खोली मिळालीय. उतरतं छप्पर, लोखंडी खाट, खिडकीखाली टेबल. डोकं न आपटता ताठ उभं राहायला अख्ख्या खोलीत दोनच जागा आहेत. खाली दिवसभर शिलाई मशीनची खडखड. शिंपीकाकांनी मला नुसतं बघून सांगितलं की डावा खांदा उतरलाय. दोन वर्षं एकट्यानं कॉम्प्युटरसमोर बसल्याचं फळ.

त्या दोन वर्षांत जो गेम केला तो परवापासून इथल्या वाचनालयातल्या प्रदर्शनात मांडायचाय. खेळणारा पोस्टमन होतो. धुक्यातल्या गल्लीत दहा घरं. दार वाजवायचं, फटीतून पत्र सरकवायचं, आतून कुणीतरी दोन शब्द बोलतं. दार मात्र उघडत नाही. ताईला त्यात काहीतरी खोल अर्थ दिसतो. खरं कारण एवढंच की मला माणसं काढता येत नाहीत. हात काढायला गेलो की जनावराचा पंजा होतो.

ताईचा फोन येऊन गेला. ठोंब्या, जेवलास का, वगैरे.

६ ऑक्टोबर

पहिल्याच दिवशी चौदा जण खेळले. लोक हेडफोन लावून माझ्या गल्लीत फिरतायत आणि मी मागे उभा राहून त्यांच्या मानांकडे बघतोय. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. एक निवृत्त मास्तर उठताना म्हणाले की सातवं दार उघडतं ते फार आवडलं. मी आभार मानले. शेजारच्या टेबलावरच्या खेळाशी त्यांची गल्लत झाली असणार.

७ ऑक्टोबर

आज एका नर्सनंही तेच सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात. सातव्या घरातला माणूस पाठ करून बसलेला असतो, कितीही हाका मारा, वळून बघत नाही. खोलीवर येऊन सगळं तपासलं. सातवं दार म्हणजे नुसतं चित्र. त्यामागे मी काहीच बांधलेलं नाही. स्वतः चार वेळा खेळलो. बंद.

९ ऑक्टोबर

आज नीट लक्ष ठेवलं. पडद्यावर दार बंदच असतं. खेळणारा मात्र त्याच्यासमोर चार-चार मिनिटं थांबतो. हसतो, मान वाकडी करून आत डोकावतो. एका बाईंना विचारलं, आत काय दिसतं? त्यांनी सहज सांगितलं: उतरतं छप्पर, लोखंडी खाट, तिच्यावर निळ्या चौकटींची चादर, खिडकीखाली टेबल. टेबलाशी पाठमोरा माणूस. डावा खांदा जरा उतरलेला.

ही चादर मी इथं आल्यावर विकत घेतली. गेम त्याच्या कितीतरी आधी पुरा झाला होता.

१० ऑक्टोबर

ताप आल्याचं सांगून खोलीवरच राहिलो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, काळजी करू नका, मशीन आम्ही सांभाळतो.

अकरा वीसला दार वाजलं. उघडलं तर कुणी नाही. जिना मोकळा. खाली शिंपीकाका काजं करत बसलेले, त्यांच्यासमोरून कुणीही वर गेलं नव्हतं. पाच वाजेपर्यंत नऊ वेळा असंच.

कोण कुठल्या दाराशी किती वाजता थांबलं याची नोंद गेम ठेवतो. संध्याकाळी बाईंकडून ती मागवून घेतली. सातवं दार: अकरा वीस. मग अकरा सत्तावन्न. नऊच्या नऊ वेळा जुळल्या.

११ ऑक्टोबर

गेम बंद करा, एवढं एक वाक्य बाईंना सांगायचं होतं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

खरं लिहायला हरकत नाही, हे कोण वाचणार आहे. दोन वर्षांत माझं दार कुणी वाजवलं नव्हतं. काल पहिली टकटक ऐकली तेव्हा भीतीच्या आधी मला आनंद झाला होता.

१२ ऑक्टोबर

आता वाजवून थांबत नाहीत. आत येतात. कडी लावलेली असते तरी. पाठीमागे फळी करकरते, कुणाचा तरी श्वास. मी टेबलाशी बसून राहतो. वळत नाही. वळायचं नाही, एवढंच कळतं — का ते नाही.

दुपारी बाईंना फोन केला. बंद करा म्हटलं. त्या हसल्या. रांग लागलीय, म्हणाल्या, उद्या शेवटचा दिवस, लोक हिरमुसतील.

ताईलाही केला. माझा आवाज ऐकून म्हणाली, उद्याच न्यायला येते. वाचनालयात जाऊ नकोस, थेट खोलीवर ये, असं मी तिला तीनदा बजावलं.

१३ ऑक्टोबर

सकाळपासून सहा जण. एकानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. वळलो नाही.

*

दुपारी तीन. टकटक. मग मागून — "ठोंब्या, चल रे. घरी जाऊ."

ताईचा आवाज. तिच्या डोक्याच्या तेलाचा वास.

वळलो.

कुणी नाही. दाराला कडी तशीच.

*

ताईला फोन लावला. म्हटलं, तू गेम खेळलीस का, खरं सांग. ती म्हणाली, "हा माझ्या भावाचा फोन आहे. तुम्हाला कुठे सापडला?"

म्हटलं, ताई, मीच —

"तो इथं माझ्यासमोर उभा आहे." मागे कुणीतरी हसून म्हणालं, जाऊ दे, ठेव. आवाज माझा.

*

खिडकीतून दिसतायत. ताई आणि तो. रस्ता ओलांडताना तिनं त्याचा कोपर धरलाय, माझा धरते तसा. ओरडलो. खाली शिंपीकाकांनी मानसुद्धा वर केली नाही. ताईनंही नाही.

त्यानं केली. हात हलवला. हात अगदी नीट होता, पाचही बोटं —

*

टकटक. पाचपर्यंत वाचनालय उघडं असतं. अजून बरेच जण — आता वळणार नाही, कुणीही हाक मारली तरी — फळी करकरली. खांद्यावर