चिंपांझीच्या मापाची चप्पल

मंगळवार, १२ ऑगस्ट

अजून हसू आवरत नाही. उद्याच्या तासाला दाखवायला चिंपांझीच्या पायाची आकृती कागदावर काढली होती. गंमत म्हणून ती उचगावच्या चपला शिवणाऱ्या मामांपुढं ठेवली, या मापाची चप्पल हवी म्हटलं. कुणाचा पाय, ते सांगितलं नाही.

मामांनी पेन्सिल अंगठ्यावर टेकवली. "बाई, ह्यो अंगठा बाजूला पळालाय. पाऊल उचलताना रेटा कशानं देणार? ह्यो पाय चालणाऱ्याचा न्हाय, धरणाऱ्याचा हाय."

कॉलेजात दहा वर्षं हाडं मांडून मी हेच शिकवतेय! माणूस दोन पायांवर चालू लागला, तसा अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत आला. आणि मामांना हे नुसत्या अंगठ्यावरून कळलं? मग मी कशाला हवी?

"पण चप्पल कधी देताय?" मी हटले नाही.

"ह्याला चप्पल कशाला? झाड द्या की!"